बारा बाटल्यांचा नमुना

डाळमिलच्या फाटकात तुरीची गाडी लागली की आधी निंबानाना पुढे व्हायचे. हातात परखी असायची, म्हणजे पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायची टोकदार लोखंडी नळी. पोतं वरून टोचायचं, मधून टोचायचं, बुडातून टोचायचं. दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची, एखादा दाणा दाताखाली धरायचा आणि म्हणायचं, "उतरवा." नाहीतर, "फिरवा." फिरवा म्हटलं की गाडी आली तशी अमळनेरला परत. मग व्यापारी कितीही हात जोडो, मालक हितेंद्रशेठसुद्धा त्यात बोलत नसत. जळगावात एवढ्या डाळमिल, पण नमुना पाहावा तर निंबानानांनीच, असं नानांचं स्वतःचं मत होतं आणि ते कोणी खोडलेलं नव्हतं.

दुसरी कीर्ती पोटाची. नाना छप्पन्न वर्षांचे. पण भरीत-भाकरीवर वाटीभर कच्चं तेल आणि ठेचा असा बेत झाल्यावर पाहुणे जिथे आडवे व्हायचे, तिथे नाना उठून दुसऱ्या पाळीला मिलवर जायचे. सकाळी सहाला नाना संडासात गेले की सहा वाजून चार मिनिटांनी बाहेर. शेजारचे प्रेमराज आबा, जे सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून फक्त सल्ले देतात, ते या चार मिनिटांवर घड्याळ लावायचे.

अशा माणसाच्या मिलमध्ये एका मंगळवारी रूपा मॅडम आल्या. धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातर्फे त्या कारखान्या-कारखान्यांत फिरून आतड्याच्या कॅन्सरची माहिती देत. वखारीत सगळ्यांना पोत्यांवर बसवलं. मॅडमने आतड्याचं चित्र खांबाला टांगलं आणि पिशवीतून कापडाचं शिवलेलं गुलाबी आतडं काढलं. ते उलगडता उलगडता मशीनपर्यंत गेलं. डाळ निवडणाऱ्या बायकांची पुढारी धुरपदाबाई, तिने ते चिमटीत धरून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, "कापड चांगलं शे. शिलाई कच्ची शे."

मॅडम बोलायला स्पष्ट होत्या. "हा आजार सुरुवातीला आवाज करत नाही. दुखत नाही, खुपत नाही. रक्त जातं, पण इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पंचेचाळीसच्या पुढच्यांनी तपासून घ्यायचं. ही बाटली, ही झाकणाची काडी. काडी शौचाला तीन-चार ठिकाणी टेकवायची, बाटलीत घालायची, झाकण लावायचं, वर नाव लिहायचं."

कौतिक हमाल, जो शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन गाणं म्हणतो, तो छपराच्या पत्र्याचे खिळे मोजू लागला. मशीनवाले गनीभाई चष्मा काढून पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

तेव्हा नानांनी हात वर केला. "मॅडम, माल ताजा लागतो का वाळलेला?"

"ताजा," मॅडम म्हणाल्या.

"आणि तीन ठिकाणचा घ्यायचा. वर, मधे, बूड."

"अगदी बरोबर."

"हे तर आपलं रोजचं काम आहे," नाना म्हणाले, आणि त्या क्षणापासून नाना त्या कार्यक्रमाचे प्रमुख झाले. मॅडमने त्यांच्या हातात तेरा बाटल्यांचा खोका दिला. पंचेचाळीसच्या वरचे तेरा जण निघाले होते. नाना धरून बारा पुरुष आणि एक धुरपदाबाई.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडवलं ते हितेंद्रशेठनी, आणि तेही प्रेमाने. आभार मानायला उठले आणि शेवटी हसत म्हणाले, "आपल्या मिलचे रिपोर्ट एकदम स्वच्छ आले पाहिजेत, बरं का."

शेठ बोलून केबिनमध्ये गेले, चहा प्यायले, विसरून गेले. पण ज्या मिलमध्ये नमुना नापास झाला की अख्खी गाडी परत जाते, तिथे माणसं असं बोलणं विसरत नाहीत. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब होता. नमुना नापास झाला तर आपण कुठे परत जायचं?

पहिले आले गनीभाई. नाना हातपाय धूत होते, तिथे येऊन उभे राहिले. "नाना, एक बात सांगू? मशीनवर तीस साल झाले. माझं पोट कधी कधी कुरकुर करतं. रिपोर्ट खराब आला तर शेठ म्हणतील, चाचा, आता घरी आराम करा. घरी बायकोला, हसीनाबीला, काय तोंड दाखवू?"

"मग?"

गनीभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून बाटली काढली. "तुमचं पोट म्हणजे अख्ख्या जळगावात एक नंबर."

नाना नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. पण 'अख्ख्या जळगावात' हे शब्द कानात शिरल्यावर उघडलेलं तोंड आपोआप मिटलं. एका माणसाची नोकरी वाचते, काडीभराचा तर प्रश्न, असं म्हणून त्यांनी बाटली घेतली. "कोणाला बोलू नका," ते म्हणाले.

"अल्ला कसम," गनीभाई म्हणाले.

गनीभाईंनी शब्द पाळला, हे नमूद केलं पाहिजे. ते कोणालाच बोलले नाहीत. पण ज्या रस्त्याने त्यांचं डोकं गेलं, त्याच रस्त्याने बाकीच्यांची डोकी आपापली गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कौतिक आला. "नाना, बाटली हातमा उनी नि पोटले कुलूपच लागनं. काल-आज काहीच नही. तुमनं पोट लोखंडनं शे. थोडं माले द्या." मग मिलमधलाच नवल आला, त्याला लग्नात जेवल्याची धास्ती होती. मग काटेवाला आला, मग चौकीदार आला. प्रत्येक जण एकटा यायचा, प्रत्येक जण बाटली खिशात लपवून आणायचा, आणि प्रत्येक जण नानांच्या पोटाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचा. चौकीदार तर म्हणाला की असं पोट सरकारने जपायला हवं. गुरुवारी संध्याकाळी नानांकडे स्वतःची धरून बारा बाटल्या जमल्या. फक्त धुरपदाबाई आली नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला नाना बारा बाटल्यांची पिशवी घेऊन आत गेले. सहा वाजून चार मिनिटं झाली. दहा झाली. पंचवीस झाली. भिंतीपलीकडून प्रेमराज आबांनी आवाज दिला, "निंबा, बरं आहे ना? गरम पाण्यात तूप घाल." नानांची बायको भिकुबाई दारापाशी येऊन उभी राहिली. "आत काय पाळी चालू केली का मिलची?"

"गप्प बस. सरकारी काम आहे."

नाना कामाला काम म्हणून वागणारे होते. बाराही बाटल्यांचा नमुना त्यांनी वर, मधे, बूड असा पद्धतशीर काढला, झाकणं घट्ट केली, पुसली, नावं सुवाच्य लिहिली. त्यांना स्वच्छ अक्षराचा अभिमान होता. मिलवर जाऊन खोका मॅडमच्या हातात दिला, तेव्हा मॅडम एकेक बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "नाना, मी चाळीस कारखाने केले, इतके नीट नमुने कुठे मिळाले नाहीत." नानांनी मान खाली घातली, पण छाती वर आली.

आठ दिवसांनी मॅडम परत आल्या. या वेळी हसत नव्हत्या. शेठच्या केबिनमध्ये नानांना बोलावलं, दार लावलं. टेबलावर तेरा पाकिटं होती, एक वेगळं आणि बाराची चळत वेगळी.

"धुरपदाबाईंचा रिपोर्ट स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकी बाराही जणांच्या नमुन्यात रक्त आहे."

शेठनी खुर्चीचे हात धरले. मॅडम घाईने म्हणाल्या, "रक्त म्हणजे लगेच कॅन्सर नव्हे. मूळव्याध असेल, गाठ असेल, आणखी काही असेल. दुर्बिणीने आत बघितल्याशिवाय कळत नाही. पण बारापैकी बारा, असं मी कधी पाहिलं नाही. हे वरती कळवावं लागेल."

नानांना पहिल्यांदा वाटलं, यंत्र चुकलं. मग वाटलं, एखाद वेळी चुकेल, बारा वेळा कसं चुकेल. तीस वर्षं ते व्यापाऱ्यांना हेच सांगत आले होते, की एका पोत्यात किडा निघाला तर नशीब समजू, बारा पोत्यांत निघाला तर मालच तसला आहे. ते केबिनच्या बाहेर आले आणि एका पोत्यावर बसले. समोर डाळ चालली होती. त्या दुपारी त्यांच्या डोळ्यांखालून एक खडा पुढे गेला. धुरपदाबाईने तो उचलला, नानांकडे पाहिलं आणि बाजूला टाकला.

त्यानंतर सुरू झाले भेटायला येणारे. गनीभाई पहिले. "नाना, माझा रिपोर्ट... म्हणजे आपला रिपोर्ट. मला फार वाईट वाटतं. हसीनाबी म्हणते, डाळिंबाची साल उकळून प्या." कौतिक आला, ताकात जिरं सांगून गेला. नवल बेलफळाचा मुरंबाच घेऊन आला. चौकीदाराने नानांच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि बांधताना डोळे पुसले. अकराच्या अकरा जणांना नक्की माहीत होतं की दुखणं नानांचं आहे, आणि अकराच्या अकरा जणांना वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. नानांना प्रत्येकासमोर नव्याने आश्चर्य वाटल्याचं दाखवावं लागे. दिवसात तीन प्रकारचे काढे पोटात जात. त्या काढ्यांनी पोट मात्र खरोखर बिघडलं. चार मिनिटांची तीस मिनिटं झाली. प्रेमराज आबांनी घड्याळ लावणं सोडून दिलं.

"धुळ्याला जाऊन या," भिकुबाई म्हणाली. तिला बाटल्यांची भानगड माहीत नव्हती. "बाकीचे अकरा पण जाणारच आहेत ना? सगळ्यांबरोबर जा."

तीच तर पंचाईत होती. बाकीचे अकरा कशाला जातील? आणि नाना एकटे गेले तर सगळं उघडं पडेल. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचा माल फिरवला, त्याने बारा खोटे नमुने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात नाव लिहून पाठवले, हे कळल्यावर मिलमध्ये परखी हातात धरायची कोणत्या तोंडाने? नाना रोज ठरवत, उद्या जाऊ.

तेवढ्यात वरून पत्र आलं. एकाच कारखान्यातले बारा पुरुष, आणि स्त्री मात्र निर्दोष, ही गंभीर बाब असून चौकशी पथक येत आहे. पथक म्हणजे एक साहेब, एक कारकून आणि चौदा रकान्यांचा फॉर्म. त्यांनी टाकीचं पाणी घेतलं, डाळीच्या पॉलिशचं तेल घेतलं, भुसा घेतला. पुरुष कुठे चहा पितात असं विचारलं आणि फाटकाजवळच्या टपरीचं दूध घेतलं, साखर घेतली, गाळणीसुद्धा घेतली. टपरीवाला म्हणाला, गाळणी तरी ठेवा. कारकून म्हणाला, गाळणीचा रकाना आहे. निष्कर्ष येईपर्यंत मिल बंद. शेठ फोनवर व्यापाऱ्यांना सांगत होते की डाळीत काही नाही, आणि जितकं सांगत तितकं लोकांना वाटे की आहे.

तिसऱ्या दिवशी धुरपदाबाई नानांच्या दारात आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली. "नाना, तीन दिन व्हयनात, बठ्ठ्या बाया घर बसेल शेतस. रोजवर पोट शे त्यासनं." मग पेला खाली ठेवून म्हणाली, "मनी बाटली मीच भरी. मना रिपोर्ट चांगला उना. तुमले जे माहीत शे, ते सांगी टाका."

"मला काय माहीत?" नाना म्हणाले.

"त्या दिनले तुम्ही खडा सोडा," ती म्हणाली, आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना वखारीत बोलावलं. साहेब थकले होते. पाणी स्वच्छ निघालं होतं, तेल स्वच्छ, दूधही स्वच्छ, म्हणजे पाणी घातलेलं पण स्वच्छ. आता तुरीचे नमुने न्यायचे होते, आणि ते काढायला कोणी तरी नानांचं नाव सांगितलं होतं. नाना परखी घेऊन पुढे आले.

"तुम्ही जाणकार आहात," साहेब म्हणाले. "मला एक सांगा. बारा पोती आहेत, बारा ठिकाणची. बाराही पोत्यांत सारखीच खोट, इतकी सारखी की कागदावर आकडे पण मागेपुढे नाहीत. तुम्ही काय म्हणाल?"

नानांनी परखी पोत्यावर आडवी ठेवली. शेठ केबिनच्या दारात उभे होते, धुरपदाबाई खांबाला टेकून.

"साहेब, मी म्हणेन, नमुना एकाच पोत्याचा आहे," नाना म्हणाले.

"कोणत्या?"

नानांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "या."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग नानांनी शेठच्या 'स्वच्छ रिपोर्ट'पासून सगळं सांगितलं. नावं कोणाचीच घेतली नाहीत. म्हणाले, माल माझा, नावं मी घातली, चूक माझी.

त्यावर खरं तर सगळं संपायचं, पण गनीभाई उठले. "साहेब, नानाला काही बोलू नका. एक बाटली मी दिली होती."

"तू पण?" मागून नवल म्हणाला. मग जीभ चावली, पण उशीर झाला होता. "म्हनजे... मी बी दिन्ही." पुढे चौकीदार उठला, काटेवाला उठला, आणि वखारीत एक चमत्कारिक गोष्ट झाली. लाज वाटण्याऐवजी लोकांना राग येऊ लागला. "माले वाटनं नानानी फक्त मालेच दिनं," कौतिक दुखावून म्हणाला. चौकीदार म्हणाला, "मी काळा दोरा बांधला ना तुम्हाला?" बेलाचा मुरंबा आणणारा नवल तर दोन दिवस नानांशी बोलला नाही.

साहेब फॉर्मचे चौदाही रकाने वरून खाली वाचत होते. यातला कोणताच रकाना या प्रकाराला लागू नव्हता. शेवटी त्यांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'व्यक्ती बारा, पोट एक.' खाली सही केली. मग चष्म्यावरून नानांकडे पाहिलं. "तुमचं दुखणं खरं आहे, हे कळतंय ना? बारा वेळा तपासून झालंय. इतकी खात्री कोणाची झालेली नसते. उद्याच्या उद्या धुळ्याला जा."

शेठ पुढे आले. नानांना वाटलं, आता शेठ म्हणणार, 'फिरवा.' शेठ म्हणाले, "माझी गाडी घेऊन जा. आणि परत आल्यावर मला सांगा, मी त्या दिवशी नेमकं काय बोललो होतो."

धुळ्याची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण नाना स्वतः ती थोडक्यातच सांगतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायला दिलं. चवीला ते लिंबू-सरबताच्या सावत्र भावासारखं होतं. त्या एका दिवसात नाना छप्पन्न वर्षांचं सगळं देणं देऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मागून बांधायचा हिरवा झगा घालायला दिला आणि तो मागून बांधलाच जात नव्हता. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आत दोन गाठी दिसल्या, करवंदाएवढ्या. तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापून काढल्या. पुढे त्या गाठींचाही रिपोर्ट आला, अजून कॅन्सर झालेला नव्हता. "पाचसात वर्षं तशाच राहू दिल्या असत्या तर सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. भिकुबाईला त्यांनी आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नानांची ही बाजू तिने पाहिली नव्हती. "आतून तर किती गुळगुळीत आहे," ती डॉक्टरांना म्हणाली, "मग बोलायला एवढे खरखरीत कसे?" आणि मग पदराने तोंड झाकून रडली.

नाना मिलवर परतले तेव्हा रूपा मॅडम नवा खोका घेऊन बसल्या होत्या. या वेळी शेठनी आधीच जाहीर केलं की रिपोर्ट कसाही येवो, कोणालाही घरी पाठवणार नाही. आणि स्वतः अजून चाळिशीचेच असून हट्टाने एक बाटली मागून घेतली. मॅडमने वयाचा नियम सांगून ती परत ठेवली. नानांनी फक्त एवढंच केलं, की बाटल्या वाटताना प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहिलं. अकरा जणांनी आपापला माल आपापला आणला. काही नमुने इतके गबाळे होते की नानांना बघवेना, पण ते गप्प राहिले.

आठ दिवसांनी दहा रिपोर्ट स्वच्छ आले. गनीभाईंनी मशीनवर पेढे ठेवले. अकरावा रिपोर्ट कौतिकचा होता.

कौतिक त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निघून गेला, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नाना त्याच्या घरी गेले, तर घरात नाही. शेवटी रेल्वे फाटकाजवळच्या धान्याच्या गोदामामागे सापडला. पोत्यांच्या आडोशाला बसला होता, शंभर किलो उचलणारा माणूस, गुडघे छातीशी घेऊन. नाना शेजारी बसले. मग नानांनी खिशातून धुळ्याच्या एसटीची दोन तिकिटं काढून दाखवली. आगाऊ आरक्षण केलं होतं, खिडकीची जागा कौतिकला.

गाडीत कौतिक खिडकीशी बसला. एरंडोल मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच हळूच म्हणाला, "नाना, दुखस का?"

पुढच्या बाकावरच्या बाईने कान टवकारले. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग कौतिककडे पाहिलं, आणि आवाज जराही कमी न करता म्हणाले, "दुखत काहीच नही. लाज तेवढी जास. ती बी येताना पारोळापावत परत येस."